दिव्याखाली अंधार: न जेवणाऱ्या बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाचं प्रकरण

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने नोव्हेंबरच्या मध्यावर बिअर्डेड ड्रॅगन या दाढीवाल्या पाळीव सरड्याचं साधारण साडेतीन महिन्यांचं पिल्लू दत्तक घेतलं. आधीच्या घरी बाळ जन्मलं, जनावराला वेळ मिळेना, म्हणून त्यांनी पिल्लू, काचेची टाकी, दिवे आणि उरलेले किडे असं सगळं एकगठ्ठा देऊन टाकलं. सोबतच्या कागदावर वजन लिहिलं होतं: ४१ ग्रॅम. दीड आठवड्याने मला फोन आला तेव्हा पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३६ ग्रॅम भरत होतं. म्हणजे सुमारे १२ टक्के घट, तीही ज्या वयात वजन दर आठवड्याला वाढायलाच हवं त्या वयात.

दाढी बघून घरातल्या मुलाने त्याचं नाव ठेवलं तात्या. (या वयात नर की मादी हे खात्रीने सांगता येत नाही, उद्या तात्याची ताई निघाली तरी चालेल, असं घरात ठरलेलं आहे.) मी या भागात पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांना नवी घरं शोधून देण्याचं काम हौसेने करते, त्यामुळे मंडळातल्या कुणीतरी माझा नंबर दिला. मुलाची आई काळजीत होती. "ताई, हा काही खातच नाही हो. पालक दिला, केळं दिलं, उकडलेल्या अंड्याचा बलक दिला. रोज नवीन काहीतरी करतेय. आता काय देऊ सांगा."

या वाक्यातच प्रकरणाची अर्धी मेख आहे. मूल जेवेना की आपण ताटातला पदार्थ बदलतो. सरड्याच्या बाबतीत पदार्थ सगळ्यात शेवटी बदलायचा. त्याची भूक त्याच्या अंगच्या उष्णतेवर चालते आणि ती उष्णता त्याला बाहेरून मिळवावी लागते. मूळचा तो मध्य आणि पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा त्याच्याच कुळातला, ॲगॅमिडे कुळातला. पावसाळी दिवशी तो सरडा जसा दिसेनासा होतो, तसा हा रेडिंगच्या नोव्हेंबरात एका काचेच्या कोपऱ्यात मिटून बसला होता.

आधी धोका आहे का, ते

टाकीला हात लावण्याआधी व्हिडिओ कॉलवर पिल्लू नीट पाहून घेतलं. काही लक्षणं अशी असतात की ती दिसली तर दिवे तपासत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा: पायांना किंवा बोटांना कंप, रबरासारखा मऊ लागणारा जबडा, मागचे पाय ओढत चालणं, तोंड उघडं टाकून कष्टाने श्वास, शी करताना नुसतंच कुंथणं, अंगावर पसरत जाणारे पिवळट-तपकिरी खवल्यांचे चट्टे. यातलं काही नव्हतं. बोट जवळ नेलं की तात्या मान वळवून बघत होता आणि जमिनीला जीभ लावत होता. मात्र डोळे किंचित खोल गेलेले, शेपटीचं मूळ बारीक झालेलं आणि पोटावर काळसर लंबगोल ठिपके. हे ठिपके ताणाचे असतात, थंडी वाजत असली तरी येतात.

शेवटची शी काही दिवसांपूर्वीची. आईने तिचा फोटो काढून ठेवला होता, हे फार चांगलं झालं. सरड्याच्या शीसोबत जो पांढरा भाग येतो तो युरेट, म्हणजे त्याची लघवीच. तो मऊ आणि पांढरा हवा. इथे तो पिवळा आणि खडूसारखा कडक होता. अंगात पाणी कमी.

"नवीन घर आहे, दोन आठवडे द्या, रुळेल" हा सल्ला त्यांना आधीच दोघा-तिघांनी दिला होता. धडधाकट मोठ्या ड्रॅगनसाठी तो ठीक आहे. मोठं जनावर अंगच्या चरबीवर आरामात निभावतं. पिल्लाला हे लागू नाही. घर बदलल्यामुळे चार-पाच दिवस भूक मंदावली तर समजू शकतं, पण ते कारण मान्य करण्याआधी काट्यावरचा आकडा आणि टाकीतलं तापमान पाहायला हवं. इथे काटा खाली चालला होता आणि तापमान कुणी मोजलंच नव्हतं. टाकीला चिकटवलेली तापमानाची एक तबकडी होती, तिच्यावर ४० दिसत होतं आणि त्यावर सगळे निश्चिंत होते.

दोन शक्यता तिथेच बाजूला काढल्या. एक, हिवाळी सुस्ती: मोठे ड्रॅगन थंडीत काही आठवडे झोपल्यासारखे राहतात, पण वर्षाच्या आतल्या पिल्लाची सुस्ती ही सुस्ती मानायची नाही, आजार मानायचा. दुसरी, कात: कात टाकताना भूक कमी होते, पण तात्याच्या अंगावर कुठेही पांढुरकी, सुटत आलेली कातडी नव्हती.

मोजल्यावर काय निघालं

प्रत्यक्ष गेले तेव्हा दोन उपकरणं सोबत नेली: पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आणि अतिनील किरणांचा निर्देशांक दाखवणारा मीटर. पहिलं स्वस्त आहे आणि सरडा पाळणाऱ्या प्रत्येक घरात असायलाच हवं. दुसरं महाग आहे, ते ओळखीत कुणाकडून तरी मागून आणावं.

दिव्याखालच्या ज्या दगडावर पिल्लाने शेकायला बसायचं, त्याचं तापमान भरलं ३१ अंश सेल्सिअस. हवं ४० ते ४२. तबकडी चिकटवलेली होती दिव्याच्या अगदी शेजारी, काचेवर. ती दिव्याने तापलेल्या काचेचा आकडा सांगत होती, पिल्लाच्या अंगाखालच्या दगडाचा नाही. थंड बाजू २२ अंशांवर, कारण घराचा थर्मोस्टॅट १८ वर लावलेला. विजेची बिलं बघता कुणाला बोलणार? रात्री घरची हीटिंग बंद झाली की टाकी १६ पर्यंत उतरत होती. रात्रीसाठी लाल दिवा दिला होता. सरड्याला लाल उजेड दिसत नाही ही जुनी समजूत आहे. त्याला तो दिसतो. म्हणजे रात्री ना पुरेशी ऊब, ना धड झोप.

या प्राण्याला संधी मिळाली तर तो स्वतःचं शरीर ३५ अंशांच्या आसपास ठेवतो. त्याच्या खूप खाली पचन मंदावतं, आणि पोटातलं अन्न पुढे सरकत नसेल तर जनावर वरून आणखी कशाला घेईल? इथे न खाणं हा पिल्लाचा शहाणपणाच होता. थंड सरड्याच्या पोटात बळेच ढकललेलं अन्न कुजतं किंवा उलटून बाहेर येतं. घरच्यांनी सिरिंज आणून ठेवली होती, ती मी तिथल्या तिथे कपाटात ठेवायला लावली. पाजताना अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि हाडं कमकुवत असली तर तोंड उघडताना जबडा मोडतो. बळेच भरवणं डॉक्टरने सांगितलं तर आणि दाखवलं तसंच.

मग अतिनील किरण. टाकीवर गुंडाळीच्या आकाराचा छोटा यूव्हीबी (अतिनील किरणांचाच एक प्रकार) बल्ब होता, जाळीच्या वर ठेवलेला, छान पांढरा उजेड देणारा. दगडाजवळ मीटर धरला: ०.३. पिल्लाच्या शेकायच्या जागी हा निर्देशांक ३ ते ५ च्या दरम्यान हवा. असा बल्ब मुळात लहान जागेपुरताच. त्यात जाळी बराचसा भाग अडवते, अंतर वाढलं की उरलेला विरतो, आणि वर्षभर वापरलेल्या दिव्यातून दिसणारा उजेड तसाच राहिला तरी यूव्हीबी बराच कमी झालेला असतो. डोळ्यांना यातलं काहीच कळत नाही. काचेतून येणाऱ्या उन्हाचंही तेच: खिडकीशी ठेवून "ऊन मिळतंय" म्हणायला अर्थ नाही, साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते.

हे किरण नुसते हाडांसाठी लागतात असं नाही. त्वचेत त्यांच्यामुळे ड-३ जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते. ती क्रिया पुरी व्हायलाही अंगात ऊब लागते. ड-३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम शरीरात शोषलं जात नाही, आणि कॅल्शियम कमी पडलं की स्नायू ढिले पडतात, आतड्याचेही. भूक कमी, खाणं कमी, कॅल्शियम आणखी कमी. हे चक्र वाढत्या पिल्लात फार वेगाने फिरतं.

टाटा करणारा तात्या

पहिल्याच शनिवार-रविवारी मित्रमंडळी पिल्लू बघायला येऊन गेली होती. टाकी दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, चारी बाजूंनी काच. मुलाच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता: कुणीतरी काचेवर टिचकी मारतं आणि तात्या पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवतो. खोलीत हशा, "टाटा करतोय बघा!" घरोघरी पाठवला गेलेला व्हिडिओ.

तो टाटा नव्हे. पिल्लं समोरच्या मोठ्या जनावराला "मी लहान आहे, मला मारू नकोस" हे असं सांगतात. एरवी अधूनमधून केलं तर काळजीचं नाही, पण तात्या दिवसभर हेच करत होता, आणि लोक नसतानाही करत होता, कारण संध्याकाळी काचेत त्याला दुसरा सरडा दिसायचा. तो दुसरा सरडा कधीच हटत नव्हता.

भर म्हणजे रातकिडे रात्रभर टाकीत मोकळे सोडलेले, "उठला की खाईल" म्हणून. उपाशी रातकिडा झोपलेल्या सरड्याला कुरतडतो. तात्याच्या शेपटीच्या टोकाला आणि एका बोटाला बारीक खुणा होत्या. म्हणजे त्याच्या लेखी त्या टाकीत भक्ष्य नव्हतंच, दोन-चार शत्रूच होते. किडेही आकाराने मोठे. नियम सोपा आहे: सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा द्यायचा नाही.

घरच्यांना मी हे सांगितलं तेव्हा मुलगा रडवेला झाला. खरं तर त्याने आणि त्याच्या आईने काटा, फोटो, नोंदी हे सगळं न सांगता सुरू केलं होतं, आणि त्याच नोंदींमुळे पुढचं सगळं लवकर जुळलं. मिळालं तसं सामान त्यांनी विश्वासाने वापरलं, इतकंच.

काय केलं, कोणत्या क्रमाने

पहिल्या दोन दिवसांत जेवण नाही. ही गोष्ट आईला पटवणं सगळ्यात कठीण गेलं.

शेकायचा बल्ब बदलून जास्त वॉटचा हॅलोजन लावला, डिमिंग थर्मोस्टॅटवर, म्हणजे दिवा मंद-प्रखर करून तापमान राखणाऱ्या उपकरणावर. थर्मोस्टॅटशिवाय कुठलाही उष्ण दिवा नको. लहान टाकीत तो दुपारपर्यंत भट्टी करू शकतो. लाल दिवा काढून सिरॅमिक हीटर बसवला, जो ऊब देतो पण उजेड देत नाही, आणि रात्र २२ च्या आसपास धरली. तब्येत सुधारल्यावर रात्री आणखी थोडं उतरलं तरी चालतं. गुंडाळीच्या बल्बच्या जागी टी-५ जातीची, १२ टक्क्यांची यूव्हीबी ट्यूब परावर्तकासकट जाळीच्या आत बसवली आणि मीटरवर ४ च्या जवळ आकडा येईपर्यंत दगड वरखाली केला. दुसऱ्या टोकाला सावली राखली, कारण किरण नकोसे झाले तर त्याला तिथून निघून जाता आलं पाहिजे. दिवे १२ तास, टायमरवर.

टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून तपकिरी कागद चिकटवला. टाकी टीव्हीपासून हलवून वरच्या खोलीत, टेबलावर, उंचावर नेली. वरून येणारी सावली म्हणजे या प्राण्यासाठी शिकारी पक्षी. खालची कॅल्शियमची म्हणून विकली जाणारी वाळू काढून किचन रोल अंथरला. अशक्त पिल्लाने वाळू गिळली तर आतडं तुंबू शकतं, आणि कागदावर शी लगेच दिसते, तीच आम्हाला हवी होती. हातात घेणं बंद. पाहुणे बंद.

पाण्यासाठी बरेच जण कोमट पाण्यात बसवायला सांगतात. मी या पिल्लाच्या बाबतीत ते टाळलं. कातडीतून पाणी आत जात नाही, सरडा पाणी पितो तो तोंडानेच, आणि घाबरलेल्या जनावराला रोज उचलून टबात ठेवण्याची किंमत मोठी आहे. अंग तापलेलं असताना ड्रॉपरने नाकपुड्या वाचवून ओठाच्या कडेला एकेक थेंब सोडला की तो चाटतो. तात्या पहिल्या दिवशी बराच वेळ नुसता बसला, मग एकदम चाटू लागला, आणि मुलाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिवे लागून दीड तास झाल्यावर खाणं ठेवलं. रातकिडे नाहीत, छोटे टोळ. इंग्लंडमध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानात टोळांचे डबे मिळतात. गावाकडे टोळधाड म्हटलं की शेतकऱ्याचं काळीज हलतं आणि इथे आपण ती पैसे मोजून आणतो, असं आजी फोनवरून म्हणाल्या. टोळाची उडी सरड्याचं लक्ष खेचते, आणि तो मीलवर्मपेक्षा (दुकानात मिळणाऱ्या अळ्यांपेक्षा) पचायला सोपा. मुलाने दोन टोळ सोडले आणि दाराबाहेर जाऊन फटीतून बघत बसला. तात्याने मान तिरकी केली, शेपटीचं टोक थरथरवलं, आणि एक टोळ गायब झाला. दुसरा त्याने सोडून दिला. पंधरा मिनिटांनी उरलेला टोळ बाहेर, हा नियम.

टोळांना आदल्या दिवशीच ताजा पाला खायला घातला होता आणि देण्याआधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवलं होतं. किड्यांच्या अंगात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो आणि सरड्याला गरज असते उलट प्रमाणाची, साधारण दोनास एक. पालक याच कारणासाठी बंद केला. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकतं. त्याऐवजी रॉकेट (सॅलडमध्ये घालतात तो पाला), डँडेलियनची पानं, किसलेला भोपळा. कोथिंबीर अधूनमधून चालते. केळं नको.

वजन उतरलं, तरी थांबलो

आठवड्याच्या शेवटी वजन ३५. आईचा फोन: "ताई, अजून एक ग्रॅम गेला." हा टप्पा फसवा असतो. पचन सुरू झालं की आधी आतलं बाहेर पडतं, आणि पिल्लू हिंडू लागल्यामुळे खर्चही वाढतो. एका आकड्यापेक्षा इतर गोष्टी बोलक्या होत्या: पोटावरचे ठिपके फिके, सकाळी दिवा लागला की स्वतःहून दगडावर, युरेट पांढरा. पुढच्या आठवड्यात ३९.

आणि तिथे अडलं. रोज तीन-चार टोळांपलीकडे तो जाईना. या वयाचं निरोगी पिल्लू एका बैठकीत याच्या दुप्पट-तिप्पट फस्त करतं. शी पातळ, वासाला उग्र. तापमान नीट, किरण नीट, घबराट संपलेली. तेव्हा आता कारण आत शोधायचं होतं. शीचा ताजा नमुना, सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरकडे, त्याच दिवशी. वाळलेल्या नमुन्यात फारसं काही सापडत नाही. पिल्लालाही नेलं, थर्माकोलच्या खोक्यात, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीसह.

सूक्ष्मदर्शकाखाली थोडी पिनवर्मची, म्हणजे आतड्यातल्या बारीक जंतांची अंडी आणि भरपूर कॉक्सिडिया, म्हणजे एकपेशीय परजीवी. पिनवर्म थोड्या प्रमाणात बहुतेक पाळीव ड्रॅगनमध्ये असतात, नुसते सापडले म्हणून औषध द्यायलाच हवं असं नाही, आणि डॉक्टरांनी ते दिलं नाही. कॉक्सिडिया वेगळं प्रकरण. या प्राण्यातली जात आयसोस्पोरा ॲम्फिबोलुरी. आतड्याच्या आतल्या थरात वाढते, मोठ्यात गप्प बसू शकते, ताणाखालच्या पिल्लात उसळते. डॉक्टरांनी त्यावरचं टोल्ट्राझुरिल हे औषध दिलं. मात्रा इथे लिहीत नाही, कारण ती ग्रॅमच्या हिशेबाने ठरते आणि एवढ्याशा जिवात दशांश चिन्ह चुकणं परवडत नाही.

औषध पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं का, असं मुलाच्या वडिलांनी विचारलं. मला तसं वाटत नाही, आणि डॉक्टरांनाही वाटलं नाही. थंड आणि पाणी कमी झालेल्या जनावराच्या शरीरात औषध नीट पसरत नाही, मूत्रपिंडावर भार येतो. आधी ऊब, मग पाणी, मग औषध. पण ऊब दिल्यावर महिनाभर वाट पाहत बसलो असतो तर तेही महागात पडलं असतं.

कॉक्सिडियाचं खरं काम घरात असतं. शीतून बाहेर पडलेली बीजं टाकीत पिकतात आणि तीच परत पोटात जातात, मग औषध चालू असूनही आजार चालूच. कागद रोज, शी दिसली की लगेच. दगड आणि भांडी उकळत्या पाण्याने. नेहमीच्या जंतुनाशकांना ही बीजं दाद देत नाहीत. लाकडी फांदी सरळ फेकून दिली. घरच्यांसाठी वेगळी ताकीद: सरड्याच्या शीत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, तेव्हा त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, वजनाचा काटा त्याचा वेगळा, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही हात नाही.

डॉक्टरांनी ॲडेनोव्हायरसची शक्यताही बोलून दाखवली. तो ड्रॅगनच्या पिल्लांत आढळतो, न वाढणं हे त्याचं एक लक्षण आहे, आणि नुसतं बघून तो आहे की नाही सांगता येत नाही. उपचारांनंतरही वजन चढलं नाही तर पीसीआर चाचणी, असं ठरलं. ती वेळ आली नाही.

डिसेंबरच्या शेवटी ४६ ग्रॅम. जानेवारीच्या मध्यावर ५८. फेरतपासणीत कॉक्सिडिया दिसले नाहीत. वसंतात आणखी एक नमुना द्यायचा आहे, कारण एका स्वच्छ नमुन्यावर विश्वास ठेवू नये. या दरम्यान १२० सेंटीमीटर लांबीचं वापरलेलं लाकडी व्हिवेरियम, म्हणजे सरडा ठेवायची पेटी, स्वस्तात मिळालं. साठ सेंटीमीटरच्या काचेत एक टोक ४१ ला आणि दुसरं २६ ला ठेवणं ही रोजची कसरत होती. लाकडात ती संपली, वीजही कमी लागते. ट्यूबच्या टोकावर बसवल्याची तारीख मार्करने लिहिली आहे, म्हणजे वर्षाने ती जळत असली तरी बदलायची हे कुणी विसरणार नाही.

पाल्याचं मात्र अजून जमलेलं नाही. तात्या रॉकेटची पानं तुडवतो, भोपळ्याच्या किसात बसतो आणि टोळाची वाट बघतो. या वयात बहुतेक पिल्लांचं असंच असतं, मोठेपणी ताटातला मोठा वाटा पाल्याचा होतो. तोवर रोज सकाळी, टोळांच्या आधी, पाला ठेवायचा आणि संध्याकाळी न बोलता उचलायचा. आई विचारत होत्या, मेथी देऊन बघू का. बघा म्हटलं, थोडी.